संथ वाहनांना गावरस्त्याची वाट

बोरगाव मेघे हे वर्धा शहराला लागून वसलेले गाव. जनगणनेच्या दप्तरी त्याची नोंद नगर म्हणून झाली आहे; कारभार मात्र ग्रामपंचायतीच्या हाती आहे. सिंदी मेघे, पिपरी मेघे, नालवाडी अशी आणखीही गावे वर्धेच्या भोवती आहेत. नगर परिषदेच्या हद्दीबाहेर राहून शहराशी एकजीव झालेल्या या वस्त्यांतील लोकांची ये-जा बाजार, कचेरी, शाळा आणि महाविद्यालयांसाठी वर्धेकडे, तर औषधोपचारासाठी सेवाग्राम व सावंगी येथील मोठ्या रुग्णालयांकडे होत असते. ही अंतरे पायी जाण्यास जास्त आणि एस.टी.च्या बसने जाण्यास कमी अशी आहेत. ज्याच्या घरी दुचाकी आहे त्याला त्याचे काही वाटत नाही. परंतु मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास गेला असता म्हाताऱ्या माणसाने, गरोदर स्त्रीने किंवा कुबडी घेऊन चालणाऱ्या रुग्णाने घरापासून मुख्य रस्त्यापर्यंतचा एक किलोमीटर कसा काटावा, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

एके काळी हे काम बंडी, रेंगी, दमणी आणि टांगा यांनी केले. पुढे सायकल-रिक्षा आली, मग ऑटो-रिक्षा आली. आता आवाज न करणाऱ्या, धूर न सोडणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या लहान गाड्या ही जागा घेऊ पाहत आहेत. त्यांत तीन चाकांची ई-रिक्षा आहे, तशीच मुळात गोल्फच्या मैदानासाठी तयार झालेली आणि पुढे रुग्णालये, रेल्वे स्थानके व विद्यापीठांची आवारे येथे रुळलेली चार चाकांची उघडी बॅटरीगाडीही आहे. अशा गाड्यांना गावच्या रस्त्यांवर येऊ द्यावे काय, द्यावयाचे तर कोणत्या रस्त्यांवर, आणि हे ठरवावयाचे कोणी, याविषयी पुष्कळ गैरसमज आढळतात. काहींना वाटते की बॅटरीच्या गाडीला कसलाच कायदा लागू नाही. काहींना वाटते की सर्व काही परिवहन कार्यालय पाहील, ग्रामपंचायतीचा त्यात संबंध नाही. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत.

चाके तीन की चार?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील ‘मोटार वाहन’ या संज्ञेत वाहन कोणत्या शक्तीवर चालते याला महत्त्व नाही. यांत्रिक शक्तीने चालणारे आणि रस्त्यावर वापरण्याजोगे वाहन हे मोटार वाहन होय, मग ती शक्ती पेट्रोलची असो वा विजेची. केवळ कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठीच खास बनविलेले वाहन या व्याख्येतून वगळले आहे. रुग्णालयाच्या किंवा विद्यापीठाच्या कुंपणाच्या आत फिरणारी चारचाकी बॅटरीगाडी नोंदणीवाचून चालू शकते ती या अपवादामुळे. विशाखापट्टणम येथील पोलाद कारखान्याच्या बंदिस्त आवारात चालणाऱ्या वाहनांवर मोटार वाहन कर आकारता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. त्यातही आवार आणि सार्वजनिक जागा यांतील फरकच निर्णायक ठरला.

आवाराचे फाटक ओलांडले की सवलत संपते. ज्या जागेत जाण्यायेण्याचा जनतेला हक्क आहे ती सार्वजनिक जागा; तिथे ती गाडी नोंदणी नसलेले मोटार वाहन ठरते. अशी गाडी चालविल्याबद्दल पहिल्या अपराधास पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंडापेक्षाही विम्याची बाब गंभीर आहे. नोंदणी नाही म्हणून विमा नाही, आणि विमा नाही म्हणून अपघातात जखमी झालेल्या पादचाऱ्याला भरपाई मिळण्याचा मार्ग खडतर होतो. एखाद्या संस्थेने आवारातील गाडी सहज म्हणून समोरच्या चौकापर्यंत नेली, तर एवढी जबाबदारी तिच्या अंगावर येते.

तीन चाकांच्या गाडीसाठी मात्र कायद्याने वेगळी वाट करून दिली आहे. २०१५ साली अधिनियमात कलम २-क घालण्यात आले. त्यानुसार ई-रिक्षा म्हणजे ४,००० वॅटपेक्षा अधिक शक्ती नसलेले, बॅटरीवर चालणारे, भाड्याने प्रवासी नेण्यासाठी विहित प्रमाणांनुसार बनविलेले तीन चाकी वाहन. माल वाहणाऱ्या अशाच वाहनास ई-कार्ट म्हटले आहे. ‘गोल्फ कार्ट’ आणि ‘ई-कार्ट’ या शब्दांतील साम्याने गोंधळ होतो, पण दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नाही. चार चाकांची गाडी कितीही हळू चालत असली तरी ती ई-रिक्षा होऊ शकत नाही. तिला मोटारीच्या ज्या प्रवर्गात ती बसते त्या प्रवर्गाची मान्यता पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या अधिकृत चाचणी संस्थेकडून मिळावी लागते आणि मगच नोंदणी होते. हा मार्ग बंद नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली घोड्यांच्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदेशीर ठरविल्यानंतर मार्च २०२१ मध्ये त्याच घाटाच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या दक्षिण मुंबईत सुरू करण्यात आल्या. तथापि गावपातळीवर व्यवहार्य असा पर्याय आज तरी ई-रिक्षाचाच आहे. म्हणून पुढील विवेचन प्रामुख्याने तिच्याविषयी आहे.

जाता जाता एक खुलासा करणे आवश्यक आहे. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाची बॅटरीवरील दुचाकी नियमांनुसार मोटार वाहनात मोडत नाही. या सवलतीचा आधार घेऊन त्याहून शक्तिमान गाड्या अल्पवयीन मुलांच्या हाती दिल्या जातात. मोटार वाहन चालविताना अल्पवयीन मुलाकडून अपराध घडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा वाहनमालक यांना तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. शिक्षकांनी ही गोष्ट पालकसभेत आवर्जून सांगावी अशी आहे.

फलटणची रिक्षा आणि दिल्लीची बंदी

ई-रिक्षा ही सर्वस्वी परदेशातून आलेली वस्तू आहे असा समज आहे. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर सातारा जिल्ह्यातील फलटण येथे निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वाहनावर गेल्या शतकाच्या अखेरीपासून काम केले. सुधारित सायकल-रिक्षा, पायडलला मोटरचे साहाय्य असलेली रिक्षा आणि पूर्णपणे विजेवर चालणारी ‘इलेक्शा’ अशी तीन वाहने त्यांनी तयार केली व त्यांविषयीचा लेख २००२ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. लहान शहरांतील थोड्या अंतरांसाठी हलके, स्वस्त आणि प्रदूषण न करणारे वाहन हवे, आणि ते ओढताना माणसाची छाती फुटता कामा नये, अशी त्यामागील भूमिका होती.

वाहन तयार झाले, पण त्याला बसवावयाचे कोणत्या नियमात हे ठरले नव्हते. याचे परिणाम पुढील दशकात दिल्लीत दिसले. बाहेरून आणलेल्या सुट्या भागांची जुळणी करून तयार केलेल्या हजारो ई-रिक्षा तेथे नोंदणी, अनुज्ञप्ती व विमा यांवाचून धावू लागल्या. चालक गरीब आणि प्रवासीही गरीब, म्हणून प्रशासनाने बराच काळ कानाडोळा केला. अखेर ३१ जुलै २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावर बंदी घातली आणि हजारो कुटुंबांची मिळकत एका दिवसात थांबली. त्यानंतर केंद्र शासनाने ऑक्टोबर २०१४ मध्ये नियम केले आणि २०१५ साली अधिनियमात दुरुस्ती झाली. नियम वेळेवर केले नाहीत तर प्रथम प्रवाशाची सुरक्षितता जाते आणि मागाहून चालकाची रोजीरोटी जाते, हे दिल्लीत स्पष्ट झाले.

नियमांत काय आहे, आणि काय राहिले

ई-रिक्षाचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटर ठरविण्यात आला आहे. चालकाखेरीज चार प्रवासी आणि एकूण ४० किलोग्रॅम सामान एवढीच तिची क्षमता. ई-कार्टला ३१० किलोग्रॅमपर्यंत माल नेता येतो. चालकाने किमान दहा दिवसांचे प्रशिक्षण घेऊन त्याचे प्रमाणपत्र सादर करावयाचे असते. नोंदणी, योग्यता प्रमाणपत्र आणि तृतीय पक्ष विमा आवश्यक आहे. बॅटरीवरील वाहनाची नंबरपट्टी हिरवी असते, आणि भाड्याच्या वाहनाच्या पट्टीवर पिवळी अक्षरे असतात. तेव्हा गावात फिरणारी ई-रिक्षा नोंदलेली आहे किंवा नाही, हे पोलीस पाटलासच काय, शाळकरी मुलालाही लांबून ओळखता येईल. वर्धा जिल्ह्यातील नोंदणीचे काम वर्धा येथील उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात होते व क्रमांक ‘एमएच ३२’ या अक्षरांनी सुरू होतो.

चार प्रवाशांच्या मर्यादेबाबत सर्वत्र ढिलाई दिसते. सहा, सात, कधी आठ माणसे बसवून गाडी निघते, आणि ‘एवढी हळू तर चालते’ असे समर्थन केले जाते. परंतु या गाडीचा सांगाडा हलका, पुढचे चाक एकच, चाके लहान आणि बॅटऱ्यांचे ओझे आधीच तिच्या अंगावर असते. दुप्पट माणसे बसली की ब्रेक लावल्यानंतर गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते, आणि वळणावर भार एका बाजूस झुकला की ती कलंडते. शाळेच्या मुलांची ने-आण करताना तर हा धोका अधिकच असतो. राज्याच्या २०११ च्या शालेय बस नियमांनुसार शाळांत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावयास हवी. मुले कोणत्या वाहनाने येतात आणि त्यात किती बसतात हा विषय त्या समितीच्या बैठकीत केवळ बसपुरता मर्यादित ठेवण्याचे कारण नाही.

आता एका महत्त्वाच्या बदलाकडे वळावयास हवे. ऑटो-रिक्षाला परवाना लागतो, आणि ती कोणत्या क्षेत्रात चालेल हे परवान्यावरून ठरते. ३० ऑगस्ट २०१६ च्या अधिसूचनेद्वारे केंद्र शासनाने ई-रिक्षा व ई-कार्ट यांना परवान्याच्या अटीतून सूट दिली. गरीब चालकाची कचेरीतील खेपांतून सुटका व्हावी या हेतूने दिलेली ही सूट स्वागतार्हच होती. मात्र मार्ग ठरविण्याचे जुने साधन तिच्यामुळे नाहीसे झाले. विशिष्ट रस्ते किंवा क्षेत्रे येथे या वाहनांवर निर्बंध घालण्याची मुभा राज्यांकडे राहिली, पण त्यासाठी आता वाहनाच्या कागदाऐवजी रस्त्याकडे पाहावे लागते. वाहन नोंदताना परिवहन कार्यालय ते कोणत्या गल्लीतून जाणार हे विचारत नाही. तो विचार ज्यांचा रस्ता आहे त्यांनी केला नाही, तर तो कोणीच करीत नाही.

माथेरानचा अनुभव

रस्ता आणि वाहन यांचा असा विचार महाराष्ट्रात सर्वांत बारकाईने झाला तो रायगड जिल्ह्यातील माथेरान येथे, आणि तोही न्यायालयामार्फत. माथेरान हे केंद्र शासनाने ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केलेले क्षेत्र आहे. रुग्णवाहिकेसारख्या आणीबाणीच्या वाहनांखेरीज मोटारींना गावात मज्जाव आहे; त्यांनी दस्तुरी नाक्यावर थांबावयाचे. तेथून पुढे पायी, घोड्यावर, अमन लॉज स्थानकावरून लहान आगगाडीने, किंवा हातरिक्षाने जावयाचे. ही हातरिक्षा पुढून माणसाने ओढावयाची आणि चढावर मागून इतरांनी ढकलावयाची. तांबड्या मातीच्या चढउतारांवरून, पावसाळ्यात चिखलातून, स्वतःच्या वजनाहून कितीतरी अधिक भार ओढणाऱ्या या माणसांच्या नावे ९४ हातरिक्षांची नोंद होती.

या चालकांच्या संघटनेनेच ई-रिक्षाची मागणी केली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. घोडेवाल्यांनी आपल्या धंद्यावर गदा येईल म्हणून हरकत घेतली. एकदा यंत्र शिरले की मागोमाग मोटार येईल, अशी भीती पर्यावरणाची काळजी वाहणाऱ्यांना होती. दोन्ही शंका निराधार म्हणता येणार नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर अनुमती दिली आणि डिसेंबर २०२२ पासून तीन महिने सात ई-रिक्षा चालवून पाहण्यात आल्या. त्या प्रयोगातून दुसराच प्रश्न पुढे आला. गाडी आली, पण ती मिळावी कोणाला? जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की हातरिक्षा ओढणाऱ्यांची उपजीविका जाऊ नये यासाठीच ही सोय आहे, म्हणून ई-रिक्षा त्यांनाच द्याव्यात. त्याच वर्षी त्यांची संख्या तूर्त २० पर्यंत मर्यादित करण्यात आली.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई, न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन आणि न्यायमूर्ती एन. व्ही. अंजारिया यांच्या पीठाने दिलेला आदेश याच्याही पुढे जातो. माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा सहा महिन्यांत बंद करावी आणि त्यासाठी राज्य शासनाने पुनर्वसनाची योजना आखावी, असे त्यात सांगितले आहे. गुजरातमधील केवडिया येथे स्थानिक महिला ई-रिक्षा चालवितात. त्या धर्तीवर शासनाने ई-रिक्षा खरेदी करून खऱ्या हातरिक्षाचालकांना भाड्याने द्याव्यात आणि खरे चालक कोण हे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीने निश्चित करावे. उरलेल्या ई-रिक्षा आदिवासी महिला व इतर स्थानिकांना द्याव्यात. निधी नाही ही सबब योजनेच्या आड येऊ नये, असेही न्यायालयाने बजावले. सायकल-रिक्षा ओढणाऱ्यांना कर्ज मिळवून देऊन मालक करण्याची वाट न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी पंजाबच्या आझाद रिक्षा पुलर्स संघटनेच्या प्रकरणात १९८० साली दाखविली होती. तिला पंचेचाळीस वर्षे होऊनही ही प्रथा टिकून राहावी, याचा खेद या आदेशात व्यक्त झाला आहे.

याच आदेशात रस्त्याचाही निवाडा आहे. दस्तुरी नाक्यापासून छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य वाटेवर पेव्हर ब्लॉक बसविण्यास अनुमती मिळाली. मात्र त्यांच्याखाली काँक्रीटचा थर घालावयाचा नाही, आणि आतील वाटा व पदभ्रमणाचे मार्ग यांवर ब्लॉक बसवावयाचे नाहीत. म्हणजे एका गावासाठी वाहनाचा प्रकार, त्याची संख्या, चालविणारे हात आणि जाण्याची वाट या चारही गोष्टी ठरल्या. माथेरानसारखी परिस्थिती वर्धा जिल्ह्यात नाही, आणि प्रत्येक गावाने न्यायालयाची पायरी चढावी असेही नाही. पण हे चार प्रश्न प्रत्येक गावाला विचारावेच लागतील.

चालविणारे हात कोणाचे, हा प्रश्न विदर्भातही आहे. राज्य शासनाने २०२४ साली महिलांसाठी ‘पिंक ई-रिक्षा’ योजना आणली. तीत वाहनाच्या किमतीपैकी ७० टक्के बँकेचे कर्ज, २० टक्के शासनाचा वाटा आणि १० टक्के लाभार्थी महिलेचा वाटा अशी रचना आहे. नागपूर व अमरावती ही शहरे तीत आहेत. कर्ज काढून गाडी घेणाऱ्या स्त्रीला ती कोठे उभी करता येईल आणि कोणत्या रस्त्यावरून तिला हटकले जाणार नाही, हे आधी कळले पाहिजे.

परदेशातील थोडा अनुभव

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील पीचट्री सिटी या गावी गोल्फ कार्टसाठी सुमारे १६० किलोमीटर लांबीच्या स्वतंत्र वाटा आहेत. लोक बाजारात, शाळेत आणि शेजाऱ्याकडे त्याच गाड्यांतून जातात. मोटारींच्या हमरस्त्याशी या वाटांची गाठ शक्यतो पडू दिलेली नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडील कॅटलिना बेटावर, ॲव्हलॉन गावात, मोटारींच्या संख्येवरच मर्यादा असल्याने रस्ते आपोआप संथ झाले आहेत. १९९८ साली तेथील केंद्र शासनाने ताशी सुमारे ३२ ते ४० किलोमीटर वेगाच्या चारचाकी गाड्यांचा स्वतंत्र वर्ग निर्माण केला आणि त्यांना दिवे, आरसे, समोरची काच व आसनपट्टे सक्तीचे केले. आपल्याकडे स्वतंत्र वाटा बांधण्याइतकी जागा आणि पैसा बहुतेक गावांजवळ नाही. त्यामुळे आहे त्याच रस्त्यांची प्रतवारी करणे भाग आहे.

ग्रामपंचायतीने काय करावयाचे?

प्रतवारीमागील तत्त्व साध्या हिशोबाचे आहे. ताशी २५ किलोमीटरने जाणारी ई-रिक्षा आणि मागून ताशी ८० किलोमीटरने येणारी मोटार यांच्यातील १५० मीटरचे अंतर दहा सेकंदांत संपते. रात्री, मागचा दिवा मंद असताना, एवढा वेळ पुरत नाही. समृद्धी महामार्गावर दुचाकी व तीनचाकी वाहनांना बंदी आहे ती याच कारणाने. गावातील रस्त्यावर मात्र उलट स्थिती असते. तेथे सायकली, गुरे, खेळणारी मुले आणि बंड्या यांच्यामुळे २५ किलोमीटर हा वेगही कमी नव्हे. तेथे धोका असतो तो भरधाव मोटारीचा. केंद्र शासनाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार इतर रस्त्यांवर मोटारीची कमाल वेगमर्यादा ताशी ७० किलोमीटर आहे. म्हणजे स्थानिक आदेश नसेल तर वस्तीतील रस्त्यावरही केवळ वेगमर्यादेपुरते पाहता तेवढा वेग नियमबाह्य ठरत नाही. अधिनियमाच्या कलम ११२ खाली अशा रस्त्यांवर कमी मर्यादा ठरविता येते, आणि तशी मागणी करणे हे संथ वाहनांना वाट देण्याचे पहिले पाऊल आहे.

मागणी करण्यापूर्वी रस्ता कोणाचा हे पाहावे. ग्रामपंचायतीच्या नमुना २३ मधील नोंदवहीत तिच्या ताब्यातील रस्त्यांची नोंद असते. ग्रामीण मार्ग व इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग व राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. आणि वर्धेच्या सीमेवर रस्ता मध्येच नगर परिषदेच्या हद्दीत शिरतो. बोरगाव मेघेहून निघालेली एकच ई-रिक्षा एका खेपेत तीन यंत्रणांच्या रस्त्यांवरून जाऊ शकते. म्हणून एका ग्रामपंचायतीने एकटीने ठराव करण्यापेक्षा लगतच्या ग्रामपंचायती आणि नगर परिषद यांनी एकत्र बसून एकच आराखडा तयार करणे सोयीचे. त्यात आतील रस्ते कोणते, मोठा रस्ता कोठे ओलांडावयाचा आणि कोणता भाग या वाहनांनी टाळावयाचा, हे नकाशावर दाखवावे.

निर्बंधाचा अधिकार ग्रामपंचायतीस नाही, ही मर्यादा ओळखली पाहिजे. कलम ११५ खाली एखाद्या रस्त्यावर विशिष्ट वाहनांना मनाई करावयाची तर ते राज्य शासन किंवा त्याने अधिकार दिलेले प्राधिकरण करते. ही मनाई एक महिन्याहून अधिक काळासाठी असेल तर ती राजपत्रात प्रसिद्ध करावी लागते. यात्रा किंवा रस्तादुरुस्ती यांसारख्या अल्पकाळासाठी स्थानिक प्रसिद्धी पुरते. ग्रामसभेने गावाच्या वेशीवर फलक लावून ‘ई-रिक्षांना प्रवेश बंद’ असे जाहीर केले तर त्याला कायद्याचा आधार राहणार नाही. त्याचप्रमाणे मोटार वाहनांवर कर बसविण्याचाही अधिकार तिला नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये सायकली व जनावरांच्या गाड्या यांवरील कर, तसेच गाडीतळ आणि टांगातळ यांची फी आजही नमूद आहे. १९५८ साली ज्या वाहनांचा विचार झाला ती ही वाहने होत.

कलम ११७ मध्ये मात्र ग्रामपंचायतीचे स्थान स्पष्ट आहे. मोटार वाहनांनी कोठे उभे राहावे आणि भाड्याच्या वाहनांनी कोठे थांबून राहावे, हे ठरविताना संबंधित स्थानिक प्राधिकरणाशी विचारविनिमय करणे तेथे आवश्यक मानले आहे. रिक्षातळाची जागा सुचविण्याचा हा हक्क क्षुल्लक नाही. तळ शाळेच्या फाटकासमोर असावा की बाजूच्या गल्लीत, बाजाराच्या दिवशी तो कोठे हलवावा, उपकेंद्रापासून किती पावलांवर असावा, ही माहिती वर्ध्याच्या कचेरीत बसलेल्या अधिकाऱ्यापेक्षा वॉर्डाच्या सदस्यास अधिक असते. तळ ठरला की रस्त्यावरील अतिक्रमण व अडथळा दूर करण्याचा ग्रामपंचायतीचा स्वतःचा अधिकारही उपयोगी पडतो, कारण तळासाठी राखलेली जागा महिन्याभरात टपऱ्यांनी व्यापली जाणे ही नित्याची बाब आहे.

बॅटरी भरण्याची व्यवस्थाही तळाबरोबरच पाहावी. शिसे-आम्लाच्या चार बॅटऱ्यांच्या ४८ व्होल्टच्या संचात सुमारे पाच युनिट वीज साठते, आणि भरताना होणारी तूट धरता त्याहून काहीशी अधिक वीज खर्च होते. खर्च थोडा असला तरी एकाच खांबावर आकडे टाकून दहा गाड्या रात्रभर भरल्या तर रोहित्रावर ताण येतो. शिवाय ती चोरी ठरते. महावितरणची मीटर असलेली जोडणी, भारास पेलेल अशी तार, आणि बॅटरीतून निघणारा वायू निघून जाईल अशी उघडी, हवेशीर जागा एवढी तयारी हवी. निकामी झालेली बॅटरी फोडून आम्ल नालीत ओतण्याचा आणि शिसे भंगारात विकण्याचा प्रकार विशेष घातक आहे. त्या शिशाचा अंश विहिरीच्या पाण्यात व मुलांच्या रक्तात उतरतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांच्यावर प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. तेव्हा जुनी बॅटरी नवीन घेताना विक्रेत्याकडेच परत करावी आणि तिची पावती चालकाने जपून ठेवावी. तळावरील फलकावर प्रवाशांची मर्यादा आणि थांब्यांची नावे लिहावयाची असतात. त्याखाली ही सूचनाही मोठ्या अक्षरांत लिहावी.